गोंधळात दिवटी फिरते तेव्हा उजेडाची रेघही हवी आणि चेहराही हवा, शटर किती ठेवू?

मृण्मयी_बार्शी
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात मावसभावाचं लग्न झालं आणि घरी गोंधळ घातला. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची, त्यामुळे लग्नानंतर गोंधळ असतोच. चौक (धान्याची पूजेची मांडणी) मांडलेला, पाच उसांचा मखर, संबळ सुरू झालं की अंगावर काटा येतो माझ्या अजूनही. लहानपणी आजीच्या मांडीवर पेंगत बघायचे मी हे सगळं आणि डोळे अर्धवट मिटले की दिवटी हवेत सोन्याचा पट्टा ओढत जातेय असं दिसायचं, तेच मला फोटोत हवंय.
कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, १८-५५ ची किट लेन्स, ट्रायपॉड आहे, वेगळा फ्लॅश नाही. आधी शटर १/६० सेकंदाला ठेवून काढला तर दिवटी नुसती हातात धरून उभे आहेत असं वाटतं, हालचालच नाही. मग ८ सेकंद, आयएसओ १६००, एफ ३.५ असं केलं तर सगळं पांढरं फटक आणि गोंधळीकाका म्हणजे एक धुरकट सावली. उजेडाची रेघ आली पाहिजे, पण काकांचा चेहराही ओळखू आला पाहिजे, ते चाळीस वर्षं आमच्याकडे येतात. पुढच्या महिन्यात चुलतकाकांकडे गोंधळ आहे, तोवर शिकायचंय.

उघडंशटर
ताई, तुमचा गोंधळ (आता हा दुसरा!) एकाच गोष्टीत आहे. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की दिवटीची रेघ जास्त उजळ येते असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. ज्योत सेन्सरच्या एका जागेवरून क्षणभरात पुढे निघून जाते, मग तुम्ही शटर २ सेकंद ठेवा नाहीतर २० सेकंद ठेवा, त्या जागेला मिळायचा तेवढाच उजेड मिळतो. रेघ किती झगझगीत येणार हे ठरतं अॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा वाढला की ते लहान होतं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) आणि हात किती जोरात फिरतोय यावर. शटरवर ठरते ती रेघेची लांबी, आणि मागची भिंत, मांडव, बसलेली माणसं किती उजळणार ते, कारण ती जागची हलत नाहीत आणि त्यांचा उजेड साठत जातो.
वाचून पटणार नाही, आज रात्रीच करून बघा. खोलीत पूर्ण अंधार करा, अगरबत्ती लावा, आयएसओ ८००, एफ ४, आणि कोणालातरी एकाच वेगाने हात फिरवायला सांगा. २ सेकंदांचा एक, ४ चा एक, ८ चा एक. रेघ लांब होत जाईल पण उजळपणा तोच राहील. फक्त ती स्वतःवरूनच पुन्हा गेली तर तिथे दाट दिसेल. आणि हात वळतो ना, त्या टोकाला रेघ जाड आणि पांढरी येईल, कारण तिथे हात क्षणभर मंद होतो. मला स्वतःला ती टोकं फार आवडतात, हाताचा झोक त्यातच कळतो.
दिवटीसाठी आयएसओ २००, एफ ८, १ ते २ सेकंद इथून सुरुवात करा आणि बघून कमीजास्त करा. रेघ जळली, म्हणजे नुसती पांढरी आली, तर एफ ११ ला जा, शटरला हात लावू नका. मांडवातला हॅलोजन मात्र बंद पाहिजे, तो चालू असेल तर यातलं काहीच जमणार नाही.
चेहरा नाहीसा का होतो तेही यातच आलं. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो काढला, रस्ता वाहता होता पण एक्सपोजर काही मिनिटांचं, त्यामुळे गाड्या, घोडे, माणसं सगळी पुसली गेली, आणि उरला तो बूट पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो एका जागी उभा होता. जे हलतं आणि स्वतः उजळत नाही ते जातं. तुमचे काका हलतात, दिवटी उजळते.

कोल्हापूरचा_तात्या
वरचं सगळं बरोबर. चेहऱ्यासाठी कॅमेऱ्यावरचाच छोटा फ्लॅश वापरा, पण मेन्यूत जाऊन रिअर कर्टन निवडा, काही कॅमेऱ्यांत सेकंड कर्टन म्हणतात. नेहमीच्या सेटिंगला फ्लॅश शटर उघडताच पडतो, मग माणूस आधी गोठतो आणि रेघ त्याच्या पुढे धावते, फोटोत तो मागे मागे चाललाय असं दिसतं. रिअरमध्ये शटर बंद व्हायच्या आधी फ्लॅश पडतो, म्हणून रेघ मागे राहते आणि माणूस तिच्या टोकाला उभा. फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ किंवा १/३२ ताकदीला, ऑटोवर ठेवला तर सुरुवातीला एक चाचणीचा झोत टाकतो आणि लोक त्यालाच फोटो झाला समजून हलतात.
अजून एक, फ्लॅशचा उजेड पांढरा निळसर आणि ज्योतीचा केशरी, चेहरा मेल्यासारखा दिसतो. स्टेशनरीच्या दुकानात जिलेटिन पेपर मिळतो बघा, त्यातला फिकट केशरी तुकडा फ्लॅशवर चिकटवा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा म्हणजे दिवटीचा केशरी रंग तसाच राहतो.
१९४९ मध्ये ग्योन मिली यांनी पिकासोचे फोटो काढले होते ना, अंधाऱ्या खोलीत हातातल्या छोट्या दिव्याने तो हवेत चित्रं काढतोय, त्यातही शटर उघडं ठेवून दिव्याची रेघ घेतली आणि माणूस फ्लॅशने पकडला. युक्ती जुनीच आहे.

तुणतुणं
मी गोंधळ्याच्या घरातला. वडील आणि चुलते गोंधळ घालतात, शाळेत असताना मी मागे तुणतुणं धरून उभा राहायचो. तात्या, तुमचं तांत्रिक बरोबर असेल पण फ्लॅशबद्दल आधी विचारा ही कळकळीची विनंती. अंधारात दिवटीकडे बघत नाचणाऱ्याच्या डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन क्षण काही दिसत नाही आणि हातात जळतं फडकं असतं, शेजारी लहान पोरं बसलेली. माझ्या चुलत्यांचा पाय त्यामुळेच एकदा चौकात पडला होता, त्यांना फार लागलं ते मनाला.
ताई, फ्लॅशशिवाय होईल. दिवटीवर बुधलीतून तेल घालतात तेव्हा दिवटीवाला हात स्थिर धरतो, धरावाच लागतो नाहीतर तेल सांडतं. तेल पडलं की ज्योत जरा दबते आणि मग भडकते, त्या वेळी तोंडावर सगळ्यात जास्त उजेड असतो आणि माणूस हललेला नसतो. मग संबळाचा ठेका उचलतो आणि दिवटी फिरते. बुधली बाजूला झाली की शटर दाबा, अर्धा सेकंद तो उभा, पुढचा एक दीड सेकंद दिवटी फिरती, दोन्ही एकाच फोटोत येतील. ठेका ओळखीचा झाला की केव्हा उचलणार ते कानालाच कळतं, स्क्रीनकडे बघू नका.
आणि सुरुवातीला, देवांना आवतण देताना, लय संथ असते. तेव्हाच काढा. शेवटी लय चढली की कोणी थांबत नाही. बसा बाजूला, समोर नको, तेलाचे थेंब उडतात.

उघडंशटर
@तुणतुणं दादा, इतकी वर्षं फोटो काढतोय, हे सुचलं नव्हतं. मनापासून आभार.
ताई यात एक जोड. काकांच्या मागे काळोख पाहिजे. ते हलले की त्यांच्या जागी मागचं जे आहे ते चेहऱ्यावर उमटतं, मागे पांढरा पडदा असेल तर चेहरा फिका पडून आरपार दिसतो, काळोख असेल तर काहीच उमटत नाही आणि चेहरा तसाच टिकतो.

मृण्मयी_बार्शी
सगळ्यांचे खूप खूप आभार! अगरबत्तीचं केलं, २ आणि ८ सेकंदांची रेघ खरंच सारखीच उजळ, दहा वेळा झूम करून बघितलं.
काल गच्चीवर भावाच्या हातात पणती दिली, अर्धा सेकंद उभा राहा आणि मग हात फिरव म्हटलं. पणती मंद म्हणून आयएसओ ८००, एफ ४, २ सेकंद. पहिल्या सहात त्याच्या कपाळातून शेजारच्यांची पांढरी टाकी दिसत होती, जागा बदलून मागे काळं आभाळ घेतलं आणि सातव्यात नाक, डोळे, ओठ सगळं आलं आणि खांद्यावरून कमरेपर्यंत रेघ. उभा होता तिथे ज्योतीचा पांढरा ठिपका येतो, तो राहू दे असं वाटतंय, रेघ कुठून निघाली ते कळतं त्यावरून. फ्लॅश वापरणार नाही.
एकच शंका, चुलतकाकांकडे जमिनीवर सतरंजी असते आणि सगळे नाचायला लागले की ट्रायपॉड हलतो, काय करू?

कोल्हापूरचा_तात्या
सतरंजी दुमडून तिन्ही पाय थेट फरशीवर टेकवा, मधला दांडा वर काढू नका, आणि बॅग त्याच्या हुकाला लटकवा पण जमिनीला जेमतेम टेकेल अशी, नाहीतर तीच झुलते. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. शटर रिमोटने दाबा, २ सेकंदांचा टायमर इथे चालणार नाही, तोवर दिवटी निघून गेलेली असेल.