हरिकेन सीझन आणि परसातल्या कोंबड्या, काय तयारी करता?

प्रश्न: फ्लोरिडात नवीन आहोत, परसात थोड्या कोंबड्या आणि एक कुत्रा. १ जूनपासून सीझन, तर वादळात कोंबड्या खुराड्यातच ठेवायच्या की घरात आणायच्या?

रिप्लाय १: खुराडं जमिनीला पक्कं अँकर केलेलं नसेल तर त्यात ठेवूच नका, वाऱ्याने उलटतं. गॅरेजमध्ये डॉग क्रेट, खाली भुसा, पण हवा खेळती पाहिजे कारण कोंबडी उकाड्याने पटकन मरते. अंडी काही दिवस कमी होतील, टेन्शन नको.

रिप्लाय २: कुत्र्याच्या मायक्रोचिपवर (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली चिप) नोंदवलेला फोन नंबर चालू आहे ना बघा, लोक नेमकं तेच विसरतात. रेबीजचं सर्टिफिकेट, औषधं, खाणं एका बॅगेत. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर २००६ मध्ये पेट्स अ‍ॅक्ट (आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार करायला लावणारा कायदा) आला खरा पण वादळात लोकांना ठेवतात ते प्रत्येक शेल्टर प्राणी घेतंच असं नाही, आधी फोन करा.

प्रश्नकर्ता: आणि घर सोडावं लागलं तर कोंबड्या?

रिप्लाय १: शेल्टरच्या भरवशावर राहू नका, किनाऱ्यापासून लांब कोणी ओळखीचं असेल तर आत्ताच विचारून ठेवा. परत आल्यावर पुराचं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, आणि भिजलेलं फीड सरळ फेका, बुरशी धरते.