ज्युनियर आहे, सनद आहे, काम नाही. काय करू?

दगडी_पायरी: रोज साडेदहाला कोर्टात हजर, दिवसभर बाररूम, संध्याकाळी घरी. हातात काम शून्य. "सुरुवातीला असंच असतं, धीर धर" हे कृपया कोणी लिहू नका, घरात रोज ऐकतो. नेमकं काय करू ते सांगा. जरा लवकर.

नोटरीचा_शिक्का: दिवाणी की फौजदारी? तालुका की जिल्हा? सिनियर आहेत की एकटेच?

पुकारा: फौजदारीत या. रिमांडच्या वेळी कोर्टाबाहेर उभे राहा. एक जामीन केलात की त्याच घरातून पुढची कामं येतात. मी असाच वर आलो.

काळा_कोट: पुकाराभाऊ, नियम ३६ ऐकलाय का? काम मागत फिरायला बार कौन्सिलची मनाई आहे. नव्या मुलांना हे शिकवू नका.

पुकारा: उभं राहणं वेगळं, मागणं वेगळं.

काळा_कोट: हो, ते शिस्तपालन समितीला सांगा.

रीलवाला: इन्स्टावर कायद्याचे व्हिडिओ टाका. खाली नंबर द्या. पक्षकार आपोआप येतात.

काळा_कोट: परत ३६!

अभ्यासिका: वकिली सोडा, न्यायाधीश परीक्षा द्या.

नोटरीचा_शिक्का: अहो, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांची वकिली परत सक्तीची केली. वर दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेललाही साधारण तीन वर्षंच बघतात. सिनियर आहेत का, हे म्हणूनच विचारतोय. उत्तर द्या ना.

दगडी_पायरी: आहेत. म्हणजे होते. ते सरकारी वकील झाले, खासगी फायली त्यांच्या मेहुण्याकडे गेल्या. मी टेबल सांभाळतो. जिल्हा कोर्ट, दिवाणी.

काळा_कोट: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो!

त्रस्त_दुकानदार: वकील जमलेत म्हणून विचारतो. गिऱ्हाइकाचा चेक परत आलाय, बँकेचा मेमो येऊन पंधरवडा झाला. काय करू?

दगडी_पायरी: मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ ची तक्रार. पोस्टाची पावती आणि पोच जपा, तारखा त्यावरून मोजतात. आता माझ्याकडे वळूया का?

पुकारा: घ्या, पक्षकार चालत आला! नंबर द्या त्याला.

काळा_कोट: पुकारा!!

जुना_शिरस्तेदार: मी नोकरीभर कोर्टात खाली बसून वकील बघितले. नवीन मुलाला पहिलं काम पक्षकार देत नाही, दुसरा वकील देतो. दुसऱ्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे कोर्टात लागणाऱ्या प्रकरणांची यादी, आधीच बघा. एकाच वकिलाची दोन कोर्टांत प्रकरणं असली की एका ठिकाणी पुकारा होतो तेव्हा ते दुसरीकडे अडकलेले असतात. त्यांना आदल्या संध्याकाळी गाठा, फाइल मागा, वाचून जा. नुसता मुदतीचा अर्ज द्यायला कोणीही मिळतो. पण न्यायाधीश साहेबांनी विचारलं "मागच्या तारखेला काय झालं?" आणि तुम्ही निशाणी नंबरासकट, म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेल्या क्रमांकासकट, सांगितलंत, तर पुढची फाइल तुमच्याकडे येते. आणि उलटतपासणी चालू असेल त्या कोर्टात जाऊन बसा, बाररूममध्ये नको.

रीलवाला: याचीच रील बनवा.

दगडी_पायरी: शिरस्तेदार साहेब, हे जमेल. दोन दिवाणी वकील डोळ्यांसमोर आहेत. पण पैशाचं कसं बोलायचं? दर तारखेला की महिन्याला?

जुना_शिरस्तेदार: आधी दोन-चार तारखा करून द्या. पैशाचं नंतर.

नोटरीचा_शिक्का: मला अजिबात पटत नाही. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलंय: ज्युनियरला महिन्याला किमान शहरात २०,०००, ग्रामीण भागात १५,०००. पहिल्याच भेटीत विषय काढा.

काळा_कोट: ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बारमध्ये तो कागद दाखवला तर हसतील.

नोटरीचा_शिक्का: हसू देत. फुकट राबवून घेणाऱ्यांना तेवढं तरी ऐकवायला हवं.

त्रस्त_दुकानदार: नोटीस वकिलानेच पाठवावी लागते का? मी पाठवली तर चालेल?