आईचं कोलेस्टेरॉल २४२ आलंय, शेंगदाणे बंद करायचे का?

पाचपाखाडीची लेक:
आई ६१ वर्षांची आहे. परवा रिपोर्ट आला, टोटल २४२, 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १८०, 'वाईट' म्हणतात ते एलडीएल १६४. तेव्हापासून तिने दाण्याच्या कुटाचा डबाच माळ्यावर टाकलाय, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडीसुद्धा नको म्हणाली आणि चहाबरोबर खारी मात्र चालूच. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, दिलंय ते घ्यायला घाबरतेय, शेजारच्या काकू म्हणाल्या लिव्हर खराब होतं. हे कोलेस्टेरॉल नक्की असतं तरी काय, इतकं वाईट आहे का?

ऐरोलीकर:
अगं वाईट कसलं, त्याच्याशिवाय आपण जगणारच नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं, ड जीवनसत्त्व, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन आणि चरबी पचवायला लागणारं पित्त, सगळं त्याच्यापासूनच बनतं. आणि त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं. दाण्यात तर ते नसतंच! म्हणून शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून हुरळून जाऊ नये, कोलेस्टेरॉल तर पाम तेलातही नसतं. कूट खाली काढा, खारी बंद करा, त्यात बहुतेक वेळा वनस्पती तूप असतं.

नेरुळची मावशी:
बरोबर, फक्त एक सांगते. कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, ते मुख्यतः एलडीएलच्या कणांतून फिरतं. लिव्हरच्या पेशींवर हे कण आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात, ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. साय, तूप, डालडा जास्त झालं की हे रिसेप्टर कमी पडतात, मग कण रक्तात साचतात आणि वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीत शिरत राहतात, दुखत काहीच नाही म्हणून माणूस गाफील राहतो. स्टॅटिन लिव्हरमधलं उत्पादन कमी करतं, मग लिव्हर रिसेप्टर वाढवून रक्तातलं एलडीएल खेचून घेतं. लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते, शंका असेल तर डॉक्टरांना विचारा पण गोळी आपल्या मनाने टाळू नका गं. आणि थायरॉइड तपासलंय का? माझं एलडीएल त्यामुळेच वाढलेलं, थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर बरंच खाली आलं.

पाचपाखाडीची लेक:
थायरॉइड तपासलेलंच नाही मावशी, उद्या डॉक्टरांना विचारते. कुटाचा डबा आत्ताच खाली काढला, रात्री भेंडीत घालतेय. खारीचं ऐकून आई जरा रुसलीये, तिला कचराळी तलावावर चालायला घेऊन जाते आता.