मदत हवी आहे: मासिकाच्या कात्रणांचे टॅग सुरकुततात, काय करू?

ताईंनो, रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू करायचंय आणि वाणाच्या पिशव्यांना लावायला मी जुन्या मासिकांतली चित्रं कापून कोलाजचे टॅग बनवून राहिली आहे, एकूण 40 हवेत, झालेत फक्त 9. थीम आपलं नागपूर. संत्री, झिरो माईलचा खांब, मारबत, आणि एक वाघ जो खरंतर पेंचचा आहे की कुठला देव जाणे, पण चालतो बाप्पा!

आता अडचण अशी की इतवारीतून जाडसर कार्डशीट आणली, 5 बाय 10 सेंमीचे तुकडे केले, वर पांढऱ्या गोंदाने कात्रणं चिकटवली, तर गुळगुळीत पानं पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की अख्खा टॅग पापडासारखा वळतो. गोंद ब्रशने पातळ लावून पाहिला, थोडा फरक पडला, पण संत्र्याच्या फोडीवर बरोब्बर मधोमध सुरकुती येतेच. साध्या कागदाची कात्रणं मात्र नीट बसतात. काडीवाल्या ग्लू स्टिकने सुरकुती नाही येत पण दोन दिवसांत कडा सुटतात ना.

मागून पण एक कागद चिकटवला तर वळणं थांबेल का? वजनाखाली किती वेळ ठेवता तुम्ही? मी पोळपाट ठेवला होता, सासूबाईंनी पोळ्यांच्या वेळी उचलून नेला.

आणि मागच्या पानाची अक्षरं पुढून दिसतात त्याचं काय करायचं, विशेषतः हळदीच्या पिवळ्या भागावर? कोणी केलं असेल तर सांगा न प्लीज.