सोसायटीचा सुका कचरा विकून देणगी द्यावी, की तो कचरावेचक ताईंकडेच जाऊ द्यावा? सल्ला हवा आहे

नमस्कार.

पुण्यात कोथरूड भागातील एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवर मी काम करते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक प्रस्ताव यायचा आहे आणि त्यावरून समितीत सरळ दोन तट पडले आहेत. प्रत्येक घराने रद्दी, खाकी पुठ्ठे, पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत आणून ठेवायच्या, महिन्यातून एकदा भंगारवाल्याला बोलावून त्या विकायच्या आणि जमलेली रक्कम वर्षाअखेरीस एखाद्या बालगृहाला द्यायची, असा तो प्रस्ताव आहे. पर्यावरणाचे काम आणि दानधर्म दोन्ही एकदम होतील, असे मांडणाऱ्यांचे म्हणणे आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

माझी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे दारोदार कचरा घ्यायला येणाऱ्या दोघी ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नावाने संघटना बांधली, तिच्यातून ही संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. घरटी दरमहा मिळणारे शुल्क आणि सुका कचरा निवडून विकल्यावर हाती येणारे पैसे, या दोन्हींची बेरीज म्हणजे त्यांची कमाई. सुक्या कचऱ्यातही सगळ्याच वस्तूंना भाव मिळतो असे नाही. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे यांना गिऱ्हाईक असते. वेफर्सची चकाकती पाकिटे आणि थर्माकोल यांना जवळजवळ कोणी विचारत नाही. म्हणजे प्रस्ताव मंजूर झाला, तर विकला जाणारा माल आमच्या खोलीत जाईल आणि ताईंच्या ढकलगाडीत ओला कचरा, वापरलेले डायपर आणि ही पाकिटे एवढेच उरेल. काम तेवढेच राहील आणि मिळकत मात्र घटेल. एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढायचे आणि त्याची पावती आपल्या नावावर फाडायची, असे मला यात दिसते. सभेत मात्र हे इतक्या कडवटपणे मांडून चालणार नाही.

यावर दुसऱ्या गटाचे उत्तर असे, की ताईंना दिवाळीला साडी आणि मिठाई देतोच, आता हातमोजेही देऊ. साडीला माझा विरोध नाही. परंतु २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हातमोजे, रेनकोट, पादत्राणे ही साधने कचरा हाताळणाऱ्यांना मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली होती आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्यासही सांगितले होते. जे हक्काने मिळायला हवे, त्याची उपकार म्हणून मोजदाद करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

जाणकारांकडून तीन बाबतींत मदत हवी आहे. बालगृहाला मदत करण्याची मूळ इच्छा न मोडता हा प्रस्ताव कसा बदलता येईल? ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करायचे ठरवल्यास ते काम ताईंना मोबदल्यावर देता येते का, आणि कोणी तसे केले आहे का? तिसरी बाब बोलायला अवघड आहे, पण ताईंना सकाळच्या कामात स्वच्छतागृह वापरू द्यायला काही सभासदांचा विरोध आहे. तो कोणी कसा हाताळला?

प्रतिसाद

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी नेमका हाच वाद झाला होता. आम्ही देणगी सुक्या कचऱ्यापासून पूर्णपणे वेगळी केली. ज्यांना द्यायची ते आपापल्या नावाने थेट संस्थेला देतात. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असलेल्यांना त्यामुळे देणगीवरची करवजावटही (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०जी) स्वतःला घेता येते, मात्र संस्था त्या वजावटीसाठी पात्र हवी आणि २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख देऊ नये. बालगृह निवडताना किशोर न्याय अधिनियम, २०१५ खालची नोंदणी आवर्जून पाहावी आणि त्यांना काय हवे ते आधी विचारावे, अन्यथा जुन्या कपड्यांचे ढीगच तिथे जाऊन पडतात.

खताचे काम आम्ही ताईंशी बोलून, वेगळा मासिक मोबदला ठरवून त्यांनाच दिले आहे. घरोघरी वर्गीकरण नीट होत नसेल तर मात्र ते सुरूच करू नका, कारण प्लास्टिक मिसळलेला ओला कचरा निवडत बसण्यात त्यांची निम्मी सकाळ जाते. वाळलेला पाला साठवून ठेवा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तो पसरला की पाणी सुटत नाही आणि वासाच्या तक्रारीही येत नाहीत. डायपर व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, हा नियम खताआधी लागू करा. त्याला खर्च शून्य आहे आणि ताईंचा हात त्या घाणीत जात नाही.

स्वच्छतागृहाचा विषय सभेत मतदानाला टाकू नका. आमच्याकडे सुरक्षारक्षकांचे स्वच्छतागृह होतेच. समितीने आतून कडी बसवली, सफाईचा खर्च देखभाल शुल्कात धरला आणि ते घरकामाच्या मावशींसह सर्वांना खुले असल्याची पाटी लावली.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. लाल ठिपक्याचे परिपत्रक या आठवड्यातच काढते. खतासाठी मोबदला ठरवताना आपण घरटी दर धरला की कचऱ्याच्या वजनावर? आमच्या खजिनदारांचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.