मदत हवी आहे: काजूगराच्या निर्यातीतून देशाची तांत्रिक कुवत कशी मोजायची?

मंडळी, एम.ए.च्या प्रकल्पात अडकलोय. सेझार हिडाल्गो आणि रिकार्डो हाउसमन यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतोय: देश किती प्रकारचा माल निर्यात करतो आणि तोच माल आणखी किती देशांना जमतो, हे दोन्ही एकत्र धरून देशाची कुवत ठरवायची. ‘जमतो’ हे अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांच्या सूत्राने ठरतं. देशाच्या निर्यातीतला मालाचा वाटा भागिले जगाच्या निर्यातीतला त्याच मालाचा वाटा. उत्तर १ किंवा जास्त आलं की जमतो.

मी वेंगुर्ल्याचा, म्हणून उदाहरण काजूचं घेतलं आणि तिथेच घोडं अडलं. आपल्या कारखान्यांना देशातली बी पुरत नाही, बरीचशी आफ्रिकेतून येते. निर्यातीत मात्र गराची पूर्ण किंमत भारताच्या नावावर. खरी कुवत फोडणं, सोलणं, प्रतवारी एवढीच ना? कच्ची बी (०८०१३१) आणि गर (०८०१३२) यांचे आंतरराष्ट्रीय व्यापारातले मालाचे कोड (एचएस) वेगळे आहेत, म्हणून आयात वजा करावी म्हटलं. पण निम्मंअधिक गर आपणच खातो की काय, अशी शंका येते; मग निर्यातीच्या वाट्याची बी किती धरू? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या मूल्यवर्धित व्यापाराच्या तक्त्यांत (निर्यातीत कोणत्या देशाने किती मूल्य घातलं ते दाखवणाऱ्या) उद्योग इतके ढोबळ आहेत की काजू सुटा दिसतच नाही.

(आंब्याकडे वळावं तर ०८०४५० मध्ये आंबा, पेरू, मँगोस्टीन एकत्र. हापूसवाल्यांनी हे वाचू नये!)

कोणी असा हिशेब केलाय का? आर किंवा पायथॉन, दोन्हीपैकी कुठल्याही संगणकभाषेत केलेला चालेल.