वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली देणगी : आयकरासाठी जुनी प्रणाली निवडावी का?

नमस्कार. वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त मी गावच्या शाळेच्या विश्वस्त संस्थेला धनादेशाने ५०,००० रुपये आणि रोख ५,००० रुपये दिले, शिवाय सुताराकडून दहा बाक करून दिले. संस्थेला आयकर कायद्याच्या कलम ८०जीची (देणगीवर वजावट देणारे कलम) मान्यता आहे. आता २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र भरताना या देणगीमुळे माझा कर खरोखर कमी होईल का, हे मला ठरवायचे आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे बाक वस्तुरूपात दिल्यामुळे त्यांची वजावट मिळत नाही, आणि रोख रक्कम २,००० रुपयांपेक्षा जास्त असल्याने तिचा एक रुपयाही धरला जात नाही. उरलेल्या ५०,००० रुपयांच्या निम्मे, म्हणजे २५,००० रुपये, जुन्या प्रणालीत (दर जास्त, पण अशा वजावटी मिळणाऱ्या करपद्धतीत) उत्पन्नातून वजा होतील. पगार १३ लाख, ८०सीची (वजावट मिळणारी) गुंतवणूक दीड लाख, राहत्या घराच्या कर्जाचे व्याज २ लाख आणि व्यवसाय कर २,५०० रुपये आहे.

अडचण आणखी एक आहे. पावती लिहिणाऱ्याने देणगीदाराच्या रकान्यात 'कै.' लावून वडिलांचेच नाव लिहिले आहे आणि माझा पॅन त्यावर कुठेच नाही. खजिनदारांना विचारले, तर "पावती मिळाली ना, मग झाले" एवढेच उत्तर मिळाले.

प्रतिसाद :

आपली समजूत बरोबर आहे, पण प्रश्नाचा क्रम उलटा आहे. ८०जीची वजावट नव्या प्रणालीत मिळतच नाही, म्हणून आधी प्रणाली ठरवावी आणि मगच देणगीकडे पाहावे.

जुन्या प्रणालीत ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि आपण सांगितलेल्या सर्व वजावटी धरून करपात्र उत्पन्न ८,७२,५०० रुपये आणि उपकरासह कर ९०,४८० रुपये होतो. देणगी नसती, तर तो ९५,६८० रुपये झाला असता, म्हणजे देणगीने ५,२०० रुपये वाचले. नव्या प्रणालीत मात्र ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न १२,२५,००० रुपये राहते. टप्प्यांनुसार कर ६३,७५० रुपये येत असला, तरी १२ लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांना मिळणाऱ्या सीमांत सवलतीमुळे (१२ लाखांवरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ न देणारी सवलत) तो २५,००० रुपयांवर थांबतो आणि उपकरासह २६,००० रुपये होतो. पाच हजारांच्या बचतीसाठी चौसष्ट हजार जादा भरण्यात अर्थ नाही.

तरीही पावती दुरुस्त करून घ्यावी, असे मी सुचवेन, कारण पुढे आपण जुन्या प्रणालीत गेलात आणि पुन्हा देणगी दिलीत, तर हीच चूक नडेल. वजावट पावतीवर नव्हे, तर फॉर्म १०बीई या प्रमाणपत्रावर मिळते. त्यासाठी संस्थेला आपले नाव व पॅन देऊन ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी (देणग्यांचे विवरण) भरावा लागतो, आणि त्यात चूक राहिल्यास सुधारित विवरण भरता येते. पैसे आपल्या खात्यातून गेले आहेत, तेव्हा देणगीदार आपणच. वडिलांचे नाव 'यांच्या स्मरणार्थ' असे शेऱ्यात लिहिता येईल.